भाव ठेवणे आणि भाव करणे : ऐरोलीतील एका घराचे प्रकरण

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ठाण्यातील मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून घेण्याचा विधी असतो. संदेश संपून सगळे गीताला उभे राहिले, की डावीकडच्या चौथ्या बाकावरील एक भगिनी खांद्याला पर्स अडकवून, कोणाच्या नजरेला नजर न देता मागच्या दाराने निघून जात असे. एकदा विचारले तेव्हा "दादा, गाडी चुकेल" असे उत्तर मिळाले. ठाणे-वाशी मार्गावर एक गाडी चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते आणि ऐरोली इथून दहा-बारा मिनिटांवर आहे, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही सप्टेंबर ते जानेवारी असे सलग पाच महिने मी ते उत्तर चालवून घेतले. या प्रकरणातील पहिली चूक म्हणून ती माझ्याच खाती मांडतो.

मी पेशाने बँकेतला माणूस. एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात तीस वर्षे काढून निवृत्त झालो आणि आता मंडळीचा वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, या नात्याने कुटुंबांच्या भेटी घेतो. घरातील तिघांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील व आकडे बदलून हे प्रकरण लिहीत आहे. असेच काम करणाऱ्या इतर मंडळ्यांतील बंधुभगिनींना त्यातून काही मिळावे, आणि मी जिथे घसरलो तिथे त्यांनी घसरू नये, एवढाच हेतू आहे.

घर आणि परिस्थिती

भगिनीचे वय सत्तेचाळीस. माहेर आणि सासर दोन्ही नगरकडचे, दोन्ही घरे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजेसासरे मिशनच्या शाळेत मास्तर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. त्या कामातून उभ्या राहिलेल्या शाळांच्या आधाराने शिकलेली कितीतरी कुटुंबे पुढे नोकरीसाठी मुंबई-ठाण्याकडे आली, त्यांपैकीच हे एक. ऐरोलीत सिडकोच्या वसाहतीत एक खोली आणि स्वयंपाकघर एवढे स्वतःचे घर आहे. पती बावन्न वर्षांचे. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात एकोणीस वर्षे ऑपरेटर होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुन्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आणि डेटा सेंटर उभी राहत आहेत, आणि त्यांना पन्नाशी ओलांडलेला रसायन ऑपरेटर लागत नाही. जूनमध्ये कारखाना बंद झाला. मुलगी बारावीला होती. भगिनी ठाण्यात एका खासगी दवाखान्यात नाव नोंदवण्याच्या टेबलावर बसते. पगार अठरा हजार.

जुलैपासून पतीने उपासनेला येणे बंद केले. भगिनी मात्र कधी नव्हे इतक्या नेमाने येऊ लागली, आणि आम्ही मंडळीतले लोक त्यालाच तिच्या विश्वासाची खूण समजत राहिलो.

पहिली भेट

फेब्रुवारीत मी आणि माझी पत्नी त्यांच्या घरी गेलो. भगिनीने "सलाम दादा, सलाम वहिनी" करून बसवले. पती बाहेर गेले होते, किंवा आम्ही येणार म्हणून बाहेर गेले असावेत. मी तेविसावे स्तोत्र वाचले, चार धीराचे शब्द बोललो, प्रार्थना केली. तिने कोरा चहा आणला आणि माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न पाहून म्हणाली, "दूध सोडलंय दादा. एकवीस दिवसांचा उपवास धरलाय." मी तिच्या निष्ठेचे कौतुक केले. पाऊण तासात आम्ही परतलो आणि एक चांगली भेट झाल्याचे समाधान घेऊन मी रिक्षात बसलो.

रिक्षा सुटल्यावर माझी पत्नी म्हणाली, "तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. लग्नातल्या पाटल्या ती धुणं धुतानाही काढत नाही. आणि उपवास तिचा असेल, पण मुलगीही कोराच चहा पीत होती."

मला आठवले, की प्रार्थना चालू असताना टीव्हीशेजारी पालथा ठेवलेला मोबाईल दर दोन-तीन मिनिटांनी कडेने उजळत होता. (प्रार्थनेत वडिलांनी डोळे मिटून घ्यायचे असतात, हे मान्य आहे.) कर्जविभागात तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या उजेडाचा अर्थ कळायला हवा होता. पण त्या दिवशी मी बँकेतला माणूस घरी ठेवून फक्त वडील म्हणून गेलो होतो, जणू त्या घराच्या अडचणीचा आत्मिक भाग वेगळा आणि हिशेबाचा भाग वेगळा आहे.

पानाचा डबा

पंधरवड्याने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी काही वाचले नाही. पाटल्यांचा विषय माझ्या पत्नीने स्वयंपाकघरात काढला आणि बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या तेव्हा भगिनीचे डोळे सुजलेले होते. मात्र तिने आधी सांगितले ते कर्जाचे नव्हते, डब्याचे होते.

तिच्या सासूबाईंचा एक पितळी पानाचा डबा होता. झाकणावर कमळाची नक्षी, आत चुन्याची डबी आणि अडकित्त्याची खाच. सासूबाई गेल्यापासून त्यात बटणे आणि सुई-दोरा ठेवला जाई. ऑगस्टमध्ये ती शेजारणीबरोबर एका प्रार्थना-गटात जाऊ लागली. तिथे तिला सांगण्यात आले, की पतीची नोकरी जाणे हा योगायोग नाही, घरात पिढीजात शापाची वस्तू आहे, पूर्वजांनी मूर्तिपूजा सोडली तरी तिची अडखळण घरातच राहिली आहे. घरातल्या जुन्या वस्तू आठवून बघ. तिला डबा आठवला. कमळ हे देवीचे आसन, एवढे कारण पुरले. एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ती मुलुंडमार्गे ऐरोली पुलावर आली, रिक्षा थांबवली आणि डबा ठाण्याच्या खाडीत टाकून दिला. पतीला तिने सांगितले, की डबा भंगारात गेला असेल.

काहीच बदलले नाही. मग तिला सांगितले गेले, की वस्तू गेली पण विश्वासाचे बीज पेरलेले नाही. क्रेडिट कार्डावर पंधरा हजार रुपये रोख काढून तिने ते अर्पण दिले. कार्डावरून रोख काढली की व्याज पहिल्या दिवसापासून चढते, खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत तिला नसते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तरीही काही बदलले नाही, तेव्हा उपवास आला, आणि उपवासाबरोबर नवस आला, जरी आपल्यात त्याला नवस म्हणत नाहीत: नाताळपर्यंत नोकरी लागू दे, मी सगळ्यांपुढे साक्ष देईन, नव्या वर्षात लागू दे, वर्षभर दर शुक्रवारी उपवास करीन. प्रत्येक तारीख हुकली तसा तिने देवापुढे आकडा वाढवला.

शापाच्या शिकवणुकीबद्दल इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही. तिला वचनाचा आधार दिला जातो. पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करणाऱ्या देवाविषयी लिहिले आहे, हे खरेच आहे. पण त्याच वाक्याच्या पुढच्या भागात हजारो पिढ्यांवर दया करणारा देवही आहे, आणि तीन-चार व हजार या दोन आकड्यांतले अंतर मोजायला बँकेतला माणूस लागत नाही. शिवाय यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी इस्राएलात एक म्हणच झाली होती, की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. ती म्हण यापुढे तुमच्यात चालायची नाही, असे परमेश्वर सांगतो आणि यहेज्केलाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय संपूर्णपणे त्याच एका मुद्द्यावर खर्च होतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, की पाप याने केले की याच्या आईबापांनी. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आणि ख्रिस्ताने शापापासून खंडणी भरून सोडवले, असे पौल गलतीकरांस लिहितो, तिथे पितळी डब्यांसाठी अपवाद ठेवलेला नाही.

हे सगळे मी तिला त्या दिवशी सांगितले का? थोडेसे सांगितले. ती ऐकत होती, पण तिच्यावर त्याचा परिणाम झाला नाही, कारण शापाची भीती हा वरचा थर होता. खाली दुसरेच काही होते.

प्रभुभोजन का सोडले

मी सरळ विचारले, की पहिल्या रविवारी तुम्ही का उठून जाता. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "अयोग्य रीतीने जो खाईल त्याला दंड आहे, असं तुम्हीच वाचता ना दादा, भाकर मोडायच्या आधी? माझ्या घरात नवऱ्याला ठाऊक नसलेलं कर्ज आहे. मी रोज खोटं बोलते. मी कशी खाऊ?"

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आमच्याकडे दर महिन्याला वाचला जातो, आणि इतकी वर्षे ऐकून मीही त्याचा अर्थ तिच्यासारखाच धरून बसलो होतो. घरी जाऊन तो अध्याय सुरुवातीपासून वाचला. करिंथच्या मंडळीत सुस्थितीतले लोक आधी येऊन आपापले जेवण उरकून घेत, कोणी तर पिऊन तर्र होई, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उशिरा येऊन उपाशी राहत. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौल विचारतो, आणि अयोग्य रीतीने खाण्याचा इशारा त्या संदर्भात येतो. म्हणजे ज्या रिकाम्या हाताच्या माणसाची बाजू घेऊन ते शब्द लिहिले गेले, तीच व्यक्ती आमच्या मंडळीत ते शब्द ऐकून मागच्या दाराने बाहेर पडत होती. त्याच अध्यायात आत्मपरीक्षणाची आज्ञाही आहे, पण आत्मपरीक्षण करून मग भाकर खावी, असे तिथे म्हटले आहे. परीक्षण करून घरी जावे, असे म्हटलेले नाही. खोटे बोलणे हा तिचा दोष होताच, तो मी झाकत नाही. पण त्या दोषावरचा उपाय ज्या मेजावर होता, तिथून ती दर महिन्याला पळत होती.

झोपेबद्दलही त्याच दिवशी विचारले. रात्री दोनला जाग येते, मग लागत नाही, असे तिने सांगितले. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारले, कारण हा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसे विचार शिरत नाहीत आणि न विचारल्याने मात्र माणसे हातची जातात. "मरावंसं नाही वाटत दादा, पण उठावंसंही नाही वाटत," ती म्हणाली. त्या आठवड्यात माझी पत्नी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या मोबाईलमध्ये घालून दिला. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. एकवीस दिवसांचा उपवास आम्ही त्याच दिवशी मोडायला लावला. माझ्या पत्नीने येताना दुधाची पिशवी आणली होती.

भूगोलाची वही

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी मी राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील चौथा अध्याय वाचला: संदेष्ट्यांच्या शिष्याची विधवा, दारात सावकार, दोन मुलांना दास म्हणून न्यायला आलेला. ती अलीशाकडे ओरडत जाते. अलीशाचा प्रश्न असा, की तुझ्या घरात काय आहे ते सांग.

भगिनीने मला थांबवले. "तो तिला आधी प्रार्थना करायला नाही सांगत?"

"नाही सांगत."

"तुझा विश्वास आहे का, असं विचारत नाही?"

"नाही. घरात काय आहे, एवढंच विचारतो."

ती उठली. मुलीची दहावीची अर्धी कोरी वही काढली, वर ठसठशीत अक्षरात 'भूगोल' लिहिलेली, आणि मागच्या बाजूने पान उघडून बसली. मी एकेक बाब विचारत गेलो आणि ती लिहीत गेली. क्रेडिट कार्ड, एक लाख बारा हजार. मोबाईल ॲपवरची तीन कर्जे मिळून अडतीस हजार. दोन्ही पाटल्यांवर सोनेतारण, नव्वद हजार. भिशी आधीच उचललेली, तिचे भरायचे राहिलेले चाळीस हजार. पाचवी ओळ लिहिताना पेन थांबले. शेवटी तिने नाव न लिहिता नुसते 'नगर' लिहिले आणि पुढे पंचवीस हजार. ते तिने धाकट्या बहिणीकडून, मुलीच्या क्लासची फी म्हणून घेतले होते. बेरीज तीन लाख पाच हजार. एकट्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी जवळजवळ चार हजार नुसते व्याजात जात होते, आणि ज्या घरात अठरा हजार येतात त्या घरात हप्त्यांना सोळा हजार लागत होते.

त्या बेरजेकडे पाहत ती म्हणाली, "एवढंच आहे?" मी कर्जविभागात हे वाक्य अनेकदा ऐकले आहे. अंधारात मोजलेले कर्ज नेहमी मोठे असते.

या क्षणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण माझ्या मते या घराचे प्रकरण इथे उलगडले. मराठी पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात "परमेश्वरावर भाव ठेव" असे शब्द आहेत. आपल्या भाषेत भाव म्हणजे श्रद्धा आणि भाव म्हणजे दर. भाव ठेवतातही आणि भाव करतातही. ही भगिनी आठ महिने देवाशी भाव करत होती: डबा देते, पंधरा हजार देते, दूध सोडते, काय ते बोल. आणि भाव करणारा माणूस कधीच आपली खरी गरज समोरच्याला कळू देत नाही. मंडईत तर हा पहिला नियम आहे. म्हणून तिच्या प्रार्थनांत नोकरी होती, साक्ष होती, उपवास होता, पण तीन लाख पाच हजार हा आकडा एकदाही नव्हता. देवापुढे तो आकडा उच्चारला असता तर तो पतीपुढेही उच्चारावा लागेल, हे तिला आतून माहीत होते. वही उघडणे हीच तिची आठ महिन्यांतली पहिली खरी प्रार्थना होती, असे मी पाळकसाहेबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, की हे थोडे जास्त होते आहे. असेल, मी माझ्या मतावर आहे.

त्या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. अलीशा विधवेला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि थोडीथोडकी आणू नकोस म्हणतो. गावभर रिकामी भांडी मागत फिरायचे म्हणजे घरात अडचण आहे हे गावाला कळणार. चमत्कार दार लावून घेतल्यावर झाला, पण त्याआधी अडचण दाराबाहेर न्यावी लागली.

इथे ठाण्याविषयी एक अवांतर. १३२१ मध्ये थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांचे तीन सोबती याच ठाण्यात विश्वासासाठी मारले गेले. ही हकिगत मी रविवारच्या शाळेत अनेकदा सांगितली आहे. पण ती ऐकून मोठ्या झालेल्या माणसांना विश्वास म्हणजे तलवारीपुढे न डगमगणे एवढेच वाटू लागते, आणि वसुलीच्या फोनपुढे डगमगले की आपला विश्वासच खोटा ठरला असे ती मानतात. हुतात्म्यांच्या गोष्टीबरोबर तेलाच्या भांड्यांची गोष्टही सांगायला हवी होती.

पतीचा अडसर

पतीला तिने त्याच रात्री सांगितले. आम्ही खोलीत थांबावे अशी तिची इच्छा होती. आम्ही जिन्यात थांबलो. आतून आवाज चढल्याचे ऐकू आले नाही. पतीने वही हातात घेऊन पूर्ण वाचली, कर्जाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मग तिने डब्याचे सांगितले. ते उठले, आमच्या शेजारून खाली उतरले आणि रात्री अकरापर्यंत परतले नाहीत. परतल्यावर एवढेच म्हणाले, "पैशाचं जाऊ दे. आईचा डबा का टाकलास?"

व्यवहाराची बाजू त्यानंतर लवकर मार्गी लागली, म्हणून तीही थोडक्यात. एक पाटली मोडली. तिच्या एक लाख चाळीस हजारांत सोनेतारण आणि ॲपची कर्जे फिटून बारा हजार उरले. दुसरी पाटली एक लाखाला पुन्हा तारण ठेवली आणि कार्ड भरून बंद केले, कारण तारणाचे व्याज कार्डाच्या मानाने बरेच कमी असते. मधल्या दिवसांत वसुलीवाले रात्री नऊलाही फोन करत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करू नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक तिने फोनवर ऐकवला तेव्हा ते बंद झाले. भिशीतल्या बायकांना तिने स्वतः सांगितले आणि त्यांनी तीन महिने सवलत दिली. बहिणीला फोन करणे सर्वांत अवघड गेले.

पतीचे दुखणे वेगळे होते आणि ते ओळखायला मला वेळ लागला, कारण ते विश्वासाच्या भाषेत बोलत. एकोणीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी त्यांना मिळालेली नव्हती. मालकाने "नंतर बघू" म्हटले आणि यांनी पुन्हा विचारले नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सव्वीस हजार. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, म्हणजे वर्षाला पंधरा हजार आणि एकोणीस वर्षांचे दोन लाख पंच्याऐंशी हजार. मी कागदावर हे मांडले तर ते म्हणाले, "भाऊसाहेब, प्रभूला द्यायचं असेल तर तो देईल. मी कोणापुढं हात पसरणार नाही."

ऐकायला हे भक्तीचे बोल वाटतात. खोलात गेल्यावर त्यांच्या मनात मालकासमोर उभे राहण्याची लाज आणि देवावरचा राग, दोन्ही होते, आणि दोन्हीवर त्यांनी हे वाक्य पांघरले होते. मी त्यांना शास्त्रातील अनुवाद या पुस्तकातले वाचून दाखवले, की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. आणि याकोबाच्या पत्रातले वाचून दाखवले, की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो. "तुमची मजुरी एकोणीस वर्षं ओरडते आहे आणि तुम्ही तिला गप्प बसवताय," असे मी म्हणालो. ते बोलणे जरा नाटकी झाले, हे मला तेव्हाही जाणवले. ते हसले नाहीत, पण एप्रिलमध्ये त्यांनी अर्ज दिला. तीस दिवसांत पैसे आले नाहीत, तेव्हा ठाण्याच्या कामगार कार्यालयात दाद मागितली.

उपासनेला येण्याचा आग्रह मी धरला नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मराठी ख्रिस्ती घरांनी नवरा-बायकोच्या चालीतले एवढे अंतर पाहिलेले आहे.

प्रार्थनेचे काय झाले

भगिनीला पुन्हा प्रार्थना जमावी म्हणून आम्ही एकच पथ्य सांगितले: सहा आठवडे काहीही मागायचे नाही आणि काहीही कबूल करायचे नाही, ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत एक विलापस्तोत्र मनात वाचायचे. तेरावे स्तोत्र फक्त सहा ओव्यांचे आहे आणि त्यात कवी देवाला चार वेळा "कोठवर" असे विचारतो. दिघा गाव यायच्या आत ते वाचून होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, याचे तिला फार नवल वाटले. "असं देवाला बोललेलं चालतं?" तिने माझ्या पत्नीला विचारले.

मोडलेल्या नवसांचे भय मात्र तिच्या मनातून जाईना, कारण शास्त्रातील उपदेशक या पुस्तकात नवस केल्यास तो फेडण्यास विलंब लावू नकोस असे लिहिले आहे. मी आधी तिला बँकेतल्या माणसाचे उत्तर दिले, की अट पूर्ण झाली नाही तर करार लागू होत नाही. ते तिला पटले नाही, आणि खरे तर मलाही नाही. पाळकसाहेबांनी तिला वहीच्या शेवटच्या पानावर सगळे नवस लिहायला लावले, एकेक वाचून तिच्यासह प्रभूपुढे ठेवले आणि प्रत्येकावर आडवी रेघ मारायला लावली. ही रीत कुठल्या उपासना-पुस्तकात नाही, पण तिने त्या रात्री सलग सहा तास झोप घेतली.

त्या प्रार्थना-गटाच्या प्रमुखांनाही मी भेटलो. वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. समोरचा माणूस प्रामाणिक निघाला, स्वतःच्या शिकवणुकीवर त्याचा खरा विश्वास होता, आणि आमचे एकमत झाले नाही. निघताना एक गोष्ट कळली ती मला अजून बोचते: ऑक्टोबरमध्ये मुलीला डेंग्यू झाला, तेव्हा त्या गटातल्या बायकांनी आठ दिवस या घरी डबा पोहोचवला होता. आमच्या मंडळीला मुलगी आजारी असल्याचेच ठाऊक नव्हते.

सद्यस्थिती

वर्षभरानंतरची स्थिती अशी. ग्रॅच्युइटीची निम्मी रक्कम मिळाली आहे, उरलेली अडकलेली आहे. त्यातून भिशी आणि बहिणीचे पैसे फिटले, काही मुलीच्या प्रवेशाला गेले, आणि सोनेतारणाचे साठ हजार बाकी आहेत. पती महापे येथे एका गोदामात कंत्राटी देखरेखीचे काम करतात. पगार पूर्वीच्या निम्मा. भगिनी प्रार्थनासभेत अजून मोठ्याने प्रार्थना करत नाही आणि आम्ही तिला सांगत नाही. साक्ष तिने दिलेली नाही.

मेच्या पहिल्या रविवारी ती प्रथमच प्रभुभोजनाला थांबली. पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता, उठायची तयारी असल्यासारखा, आणि भाकर घ्यायला हात पुढे करताना तो तसाच लोंबत होता. त्यानंतर तिने एकही पहिला रविवार चुकवलेला नाही. पती नाताळला आले, नंतर या ईस्टरला आले आणि दोन्ही वेळा शेवटच्या बाकावर दाराजवळ बसले.

ईस्टरच्या दिवशी तिघे मुलुंडला नातेवाइकांकडे निघाले होते. ऐरोली पुलावर रिक्षा आली, तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पतीने डब्याचा विषय काढला. "टाकलास तेव्हा भरती होती की ओहोटी?" तिला आठवेना. ते कठड्यापलीकडे बघत म्हणाले, "ओहोटी असेल तर गेला समुद्राला. भरती असेल तर असेल इथंच कुठंतरी गाळात." हे माझ्या पत्नीला सांगताना ती हसत होती.